चेहरा कुणाचा, हात कुणाचा?

आता आपण हा पगडीवाला म्हातारा बघू. हा कोण, असं विचारायचं नाही, कारण हे व्यक्तिचित्र नव्हेच. व्हेनिसचा जांबात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०) अशी मस्तकं तैलरंगात रंगवी, ती वय, विचार, थकवा चेहऱ्यावर कसे उतरतात ते दाखवायला. रेम्ब्रांटच्या म्हाताऱ्यांशी यांचं नातं आहेच. दाढी जवळून बघा ना: चार-दोन फटकारे, बस! मुलगा दोमेनिको याने वडिलांच्या अशा मस्तकांवरून ६० अम्लरेखनं केली. शिवाय स्वतःही तशीच मस्तकं रंगवली. त्यामुळे काही चित्रं बापाची की लेकाची, यावर जाणकारांचं एकमत होत नाही. आम्हाला वाटतं, भेद दाढीत नाही, डोळ्यांभोवतीच्या सावलीत शोधावा. पुढच्या चित्रात तिथूनच सुरुवात करू.