विश्लेषण : चॅप्लिनचा जन्मदाखला सापडत नाही, वर्कहाऊसची नोंद मात्र सापडते… इंग्लंडमधील कष्टकऱ्यांची वंशावळ कशी शोधतात?

चार्ली चॅप्लिनचा जन्म नेमका कुठे झाला, याचा शोध १९५२ मध्ये ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर यंत्रणेने घेतला. अमेरिकेच्या एफबीआयने तशी विनंती केली होती. हाती काहीच लागले नाही. चॅप्लिन स्वतः १६ एप्रिल १८८९, दक्षिण लंडनमधील वॉल्वर्थ असे सांगत असे. त्या काळच्या एका नाट्यविषयक पत्रातील छोट्या निवेदनात तारीख १५ एप्रिल आहे. जन्मदाखला आजवर मिळालेला नाही. मात्र सात वर्षांचा असताना तो आई आणि सावत्र भाऊ सिडनी यांच्यासह वर्कहाऊसमध्ये दाखल झाला, याची नोंद दफ्तरात आहे. इंग्लंडमधील गरीब कुटुंबांचा माग काढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सुखाचे दिवस कागदावर येत नाहीत. हलाखीचे येतात.

नोंदी कधीपासून मिळतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्याआधी भरवसा चर्चच्या वह्यांवर. १८१३ पासून त्या छापील नमुन्यात भरल्या जाऊ लागल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा धंदाही आला. १८३७ नंतरही सुरुवातीची अनेक वर्षे जन्म कळवला नाही म्हणून आई-वडिलांना दंड नव्हता. तो १८७५ पासून आला. तरीही चॅप्लिनसारखी मुले सुटलीच.

सर्वात उपयोगी कागद विवाहाचा. त्यात वधू-वर दोघांच्या वडिलांचे नाव आणि धंदा असतो, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. आयांची नावे मात्र नाहीत; ती मे २०२१ पासून लिहिली जाऊ लागली! सही येत नसेल तर फुली. १८४० च्या सुमारास तिसऱ्या हिश्शाच्या आसपास नवरदेव आणि जवळपास निम्म्या नवऱ्या फुलीच मारत होत्या.

जनगणनेवर किती विश्वास ठेवायचा?

माणसांची नावे देशभर सांभाळून ठेवली गेली ती १८४१ च्या जनगणनेपासून. पण तीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे ४४ वर्षांचा विणकर कागदावर ४० चा. घरातल्यांचे आपसातले नातेही लिहिलेले नाही. १८५१ पासून वय, नाते आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गाव किंवा भाग) मिळतो, आणि खरा शोध तिथून पुढे सरकतो. नाव कसे लिहायचे हे ज्याला येत नाही त्याचे नाव कारकून कानावर पडेल तसे लिहितो. त्यामुळे एकच आडनाव दर दहा वर्षांनी वेगळे दिसते. विवाहित स्त्रीच्या धंद्याचा रकाना बहुतेकदा कोरा. ती लोकांचे कपडे धुते, घरी बसून काड्यापेट्या चिकटवते, पण सरकारदरबारी काही करत नाही.

१९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना विचारले होते : मुले किती झाली, किती हयात, किती गेली? म्हणजे एकोणिसाव्या शतकातील संसाराचा हिशेब तिथे एका ओळीत सापडतो, तोही बहुधा घरच्याच माणसाच्या अक्षरात. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. काहींनी तरी भरले. कारकुनांनी त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात.

गरिबाची माहिती सर्वात जास्त कुठे?

जिथे त्याच्यावर खर्च करायची वेळ आली, तिथे. १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांना मदत शक्यतो वर्कहाऊसमध्येच, म्हणजे काम करवून घेऊन अन्न आणि निवारा देणाऱ्या कडक शिस्तीच्या संस्थेत. त्याही आधी एखादा मदत मागू लागला, की ‘हा नक्की कोणत्या पॅरिशचा?’ यावर त्याची जबानी घेतली जाई : जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, वर्षभर चाकरी कुठे, भाडे किती भरले. जबाबदारी दुसऱ्या पॅरिशवर ढकलता यावी म्हणून लिहून घेतलेले हे कागद आज त्या माणसांची आत्मचरित्रे ठरतात.

सैन्याच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग मिळतो. १८७१ च्या कायद्यानंतर तुरुंगात कैद्यांची छायाचित्रे काढली जाऊ लागली. कित्येक कुटुंबांकडे पणजोबांचा तेवढाच फोटो आहे.

चॅप्लिनची आई हॅना ही चांभारकाम करणाऱ्याची मुलगी. जून १८९६ मध्ये मुलांना हॅनवेलच्या शाळेत हलवले गेले. १८९८ मध्ये पुन्हा वर्कहाऊस. त्या ऑगस्टमध्ये हॅनाने रीतसर सुटी मागितली, मुलांना घेऊन केनिंग्टन पार्कात दिवस घालवला आणि संध्याकाळी तिघे परत दाखल झाले. दफ्तराला त्यात फक्त ये-जा दिसते. तो दिवस कसा गेला, हे चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिले म्हणून कळते.

खोटे का लिहिले जाई?

कारणे ठोस होती. मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह १९०७ पर्यंत बेकायदा होता. घरची मुले सांभाळायला आलेल्या मेहुणीशी लग्न करायचे तर दूरच्या, अनोळखी चर्चमध्ये जावे लागे. न्यायालयातून घटस्फोट १८५७ च्या कायद्याने मिळू लागला, पण तो मजुराच्या खिशाबाहेरचा. मग ‘विधुर’ किंवा ‘विधवा’ लिहायचे आणि नवा संसार थाटायचा. म्हणून कागद हाती आला की आधी पाहावे, ही माहिती कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली.

माणूस अचानक गायब झाला तर?

१८५१ मध्ये दिसणारा विशीतला मजूर १८६१ मध्ये नसेल, तर मृत्यूची सूची, तुरुंग आणि स्थलांतराबरोबर भारतही तपासावा लागतो. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुणे, खडकी, देवळाली इथल्या छावण्यांतील साधे शिपाई, त्यांच्या बायका आणि इथेच दगावलेली मुले त्यांत सापडतात.

शोधाला सुरुवात करणाऱ्याने आजच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जावे. ‘फ्रीबीएमडी’ आणि ‘फॅमिलीसर्च’वर सूची मोफत पाहता येतात, दाखल्याची प्रत सरकारी नोंदणी कार्यालयाकडून पैसे भरून मागवावी लागते. संकेतस्थळांवरच्या आयत्या वंशावळी मोहक असतात, पण एकाची चूक पुढच्या अनेकांनी उतरवून घेतलेली असते. मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय कोणालाही पणजोबा मानू नये.