नव्या जीन्सला जुनेपण कसं येतं?

दुकानात टांगलेली फाटकी जीन्स हातात घ्या आणि गुडघ्याजवळचं भोक नीट पाहा. निळे धागे तिथून गेलेले असतात, पण पांढऱ्या धाग्यांची आडवी जाळी शाबूत असते. कुंपणाच्या तारेत अडकून पँट फाटते तेव्हा निळे-पांढरे दोन्ही धागे तुटतात. दुकानातलं भोक मात्र कुणीतरी मोजूनमापून, पांढऱ्या धाग्यांना धक्का न लावता पाडलेलं असतं. हे काम कसं होतं आणि ते करणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, हे ती जीन्स घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

सुरुवात कापडापासून करू. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे कोरे. नेहमीच्या विणीत उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून आणि मग एकाखालून जातो. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि उलटी केली की पांढरट दिसते.

रंगाची गंमत याहून मोठी आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट घालून तिचं विरघळणारं, पिवळट-हिरवं रूप तयार करतात. त्या कुंडातून सूत बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन लागून ते निळं होतं. गडद रंगासाठी हेच सहा-आठ वेळा करतात. तरीही नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसते आणि गाभा पांढरा राहतो. मांडी, गुडघा, खिशाची कड जिथे घासली जाते तिथे बाहेरचा थर झिजतो आणि आतला पांढरा वर येतो. जुनं दिसण्याचा सगळा धंदा या पांढऱ्या गाभ्यावर उभा आहे.

लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट 1873 साली मिळालं, तेव्हा ही पँट अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांची होती. तिचा रंग वर्षानुवर्षांच्या कामानं उडायचा. पुढे विसाव्या शतकात ती तरुणांच्या अंगावर आली. 1970च्या दशकात लंडनच्या पंक तरुणांनी मुद्दाम फाडलेले, सेफ्टी पिना टोचलेले कपडे मिरवले. मग गिऱ्हाईक विरलेली जीन्स थेट दुकानातच मागू लागलं आणि वर्षांची झीज काही तासांत घडवणं ही कारखान्याची जबाबदारी झाली.

शिवून तयार झालेली गडद, कडक जीन्स आधी कोरड्या कामासाठी जाते. हवा भरलेल्या रबरी पायांवर ती चढवतात आणि कामगार पॉलिश पेपरनं मांडीचा भाग घासतो. मधे हात जड, कडेला हलका, म्हणजे फिकट कुठे संपतं आणि गडद कुठे सुरू होतं हे कळत नाही. जांघेजवळच्या चुण्यांच्या रेघांना या धंद्यात ‘व्हिस्कर’ म्हणतात. त्यासाठी उंचवटे कोरलेला साचा पँटच्या आत सरकवून वरून घासतात. उंचवट्यांवरचा रंग तेवढा जातो. खिशांच्या आणि पायांच्या कडा लहान ग्राइंडरनं झिजवतात. भोकासाठी थोड्या अंतरानं दोन आडव्या चिरा देतात, म्हणजे उभे निळे धागे दोन्हीकडून कापले जातात. त्यांचे तुकडे वेचून काढले की पांढरी जाळी उरते.

यानंतर येतं पोटॅशियम परमँगनेट. खेड्यात विहिरीचं पाणी शुद्ध करायला टाकतात तेच हे जांभळं औषध. फवाऱ्यानं ते घासलेल्या भागावर मारतात. ते निळीचा रंग तोडतं आणि कापडावर तपकिरी डाग सोडतं. पुढे सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात डाग निघून फिकट पांढरा पट्टा दिसतो. फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर नीट मास्क नसेल तर या औषधाचे कण छातीत जातात.

मग धुलाई. ‘स्टोन वॉश’मध्ये प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र, हलका दगड, जीन्ससोबत मोठ्या ड्रममध्ये फिरवतात. दगड कापडाला घासतो आणि स्वतःही झिजतो, त्याचा गाळ पाण्यात येतो आणि खडे खिशांतून वेचावे लागतात. ‘ॲसिड वॉश’ला नावाप्रमाणे ॲसिड लागत नाही. ब्लीचमध्ये भिजवलेले दगड वापरून ते पांढरे ढग उमटवतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस सेल्युलेज हे एन्झाइम आलं. ते धाग्याच्या पृष्ठभागावरचं सेल्युलोज कुरतडतं आणि सैल झालेल्या तंतूंबरोबर नीळ निघून जाते. वेळ जास्त झाली तर कापड कमकुवत होतं.

या धंद्यातलं सर्वांत काळं प्रकरण सँडब्लास्टिंगचं आहे. पॉलिश पेपरनं वेळ लागतो म्हणून दाबाच्या हवेनं जीन्सवर वाळूचा मारा करायची पद्धत पडली. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कडक होत जातात आणि त्यांना पूर्ववत करणारा उपचार नाही. खाणकामगाराला हा आजार सहसा बऱ्याच वर्षांनी गाठतो. तुर्कस्तानातल्या बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत काम करणाऱ्या तरुण पोरांना तो थोड्याच वर्षांत झाला आणि त्यांतले कित्येक दगावले. तिथल्या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं आणि 2009 साली तुर्कस्ताननं या पद्धतीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी लेव्हीज आणि एचअँडएम यांनी आपल्या मालासाठी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. मांडीवरच्या एका फिकट पट्ट्यासाठी माणसाचा श्वास गेला, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता बरंच काम लेझर करतो. झिजलेल्या जीन्सचं चित्र संगणकात असतं आणि त्यानुसार लेझरचा किरण वरच्या थरातली नीळ जाळून टाकतो. हातानं तासाभरात दोन-तीन जीन्स होत, लेझर मात्र एक जीन्स दीड मिनिटात करतो, असं लेव्हीजनं 2018 साली सांगितलं. रंग उतरवायला ओझोन वायूही वापरतात आणि त्यानं पाणी व रसायनं वाचतात. पण ही यंत्रं महाग आहेत. लहान कारखान्यांत हात, फवारा आणि ड्रमच चालतात.

धुतलेलं पाणी कुठे जातं, याचं उत्तर मुंबईजवळच आहे. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांचं रंगीत, रसायनमिश्रित पाणी वालधुनी नदीत जात राहिलं. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि अनेक कारखान्यांना टाळं लागलं. नदीचं नुकसान झालं आणि कामगारांची रोजीरोटीही गेली. स्वस्त जीन्सच्या किमतीत पाणी साफ करण्याचा खर्च कुणीच धरला नव्हता.

विरलेली जीन्स आवडण्यात काहीच गैर नाही. पण झीज जितकी जास्त, तितके कुणाचे तरी हात, रसायन आणि पाणी खर्ची पडलेलं असतं आणि कापडाचं आयुष्य आधीच कमी झालेलं असतं. म्हणून घेताना गडद, कमीत कमी धुतलेली जीन्स घ्या, ती गरज पडेल तेव्हाच आणि उलटी करून धुवा. तुमच्या बसण्या-उठण्यानं गुडघ्यावर आणि खिशापाशी रंग आपोआप उतरेल, कारण पांढरा गाभा तिच्यातही आहे. तयार विरलेलीच हवी असेल तर ती लेझरनं केली की फवाऱ्यानं, हे दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर येणार नाही कदाचित, पण गिऱ्हाईक विचारतं आहे हे कंपनीपर्यंत पोचलं तरच फवारा धरणाऱ्याच्या तोंडावर मास्क येईल.