क्यूआर कोड आणि नीलमनगरच्या भिंती

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले परितेवाडी हे गाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगाला माहीत झाले. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्या दिवशी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. त्यांच्या कामाची ओळख होती पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. फोन समोर धरला की धड्याची चित्रफीत दिसावी, कविता ऐकू यावी. पुढे राज्याच्या पुस्तकांत हे कोड आले, देशपातळीवर एनसीईआरटीनेही तोच मार्ग धरला, आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल व्यासपीठाशी पुस्तके जोडली गेली.

पण कोड वाचायला फोन लागतो, आणि तो कोणाच्या खिशात असतो?

याचे उत्तर त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात मिळाले. कोरोनात शाळांना कुलपे लागली, तेव्हा सोलापूर शहरातल्या नीलमनगर भागातील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांपुढे वस्त्रोद्योगात राबणाऱ्या कामगारांची मुले होती. अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. मग शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. पहिलीची मुळाक्षरे आणि अंक, वरच्या वर्गांची गणिताची सूत्रे, व्याकरण, विज्ञान असे दहावीपर्यंतचे धडे गल्लीत उभे राहिले. मुले अंतर राखून भिंतीसमोर उभी राहत आणि वाचत. त्या भिंतीला रिचार्ज लागत नव्हता, पासवर्ड लागत नव्हता, आणि शाळा सोडलेली मुलगीही जाता-येता ती वाचू शकत होती. सोलापूरने शिक्षणात केलेल्या प्रयोगांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

२०२०च्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर आहे. वडील यंत्रमागावर गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो. आई घरी विड्या वळत बसलेली. संध्याकाळी फोन परत येतो तेव्हा तिघा भावंडांत तो एकच असतो, आणि अशा वेळी मुलीचा नंबर बहुधा शेवटी लागतो. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका म्हणूनच त्या काळात महत्त्वाची होती. जुना दूरदर्शन संच चालत होता, डेटा जळत नव्हता.

दृष्टिहीन मुलांच्या बाबतीत मात्र तंत्रज्ञानाने खरोखर दार उघडले आहे. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावरचा मजकूर वाचून दाखवते, साध्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असते, आणि दोन्ही मराठी वाचतात. ब्रेलमधले जाडजूड खंड छापून येण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला हे केवढे स्वातंत्र्य! तरीही अडथळा आपणच उभा करतो. नोट्सचे फोटो काढून पीडीएफ बनवली की सॉफ्टवेअरच्या लेखी तो कोरा कागद. युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका त्याला निरर्थक अक्षरांची रांग वाटते. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, तरी हे चालूच आहे. युनिकोडमध्ये टंकायला जादा पैसा लागत नाही, फक्त टंकणाऱ्याला मुलाची आठवण हवी.

भाषेचेही तसेच. राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, बालभारती, आठ माध्यमांत पुस्तके काढते, त्यांत तेलुगू, कन्नड आणि उर्दू आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. पण शैक्षणिक अ‍ॅप उघडले की इंग्रजी आधी, हिंदी नंतर. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या आपल्या मुलांच्या चार भाषांत आपल्याच शिक्षकांनी बनवलेले साहित्य हवे, आणि परितेवाडीने दाखवून दिले आहे की जिल्हा परिषदेचा शिक्षक ते करू शकतो. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, असा प्रश्न विचारला होता. माझ्या मते अटी शिक्षकाने आणि मुलाने घालाव्यात, विकणाऱ्याने नव्हे.

फोन आणि भाषा यांच्याही आधी ज्यांची शाळाच सुटते, अशीही मुले आहेत. दरवर्षी जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम येतो. मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर अर्ध्या वर्षातून शाळा सुटलेली मुले येतात. स्थलांतरातही शिक्षण चालू राहावे म्हणून त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, विद्यार्थ्यांची नोंद राज्याच्या संगणकावर आहे. गावच्या शाळेने ती नोंद मूल पोचण्याआधी इकडच्या शाळेला कळवावी, आणि कारखान्यांनी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ एक खोली, वीज आणि एक शिक्षक द्यावा. कारखान्याचे सभासद असलेल्या वाचकांनी येत्या सभेत ही मागणी जरूर मांडावी.