औषधाचा डोस आणि आपली एकमान पद्धत

विद्यार्थी मित्रांनो, "ही एकमान पद्धत पुढं कुठं उपयोगी पडते?" असं तुम्ही नेहमी विचारता ना? बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय असो किंवा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथल्या सिस्टर रोज हेच गणित करतात. फरक एवढाच, की तिथं उत्तर चुकलं तर लाल शेरा मिळत नाही, पेशंटला त्रास होतो.

एक उदाहरण पाहू. बाळाचं वजन १० किलो आहे. त्याला ताप आलाय. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायला सांगितलं.

१० × १५ = १५० मिलिग्रॅम.

पण औषध तर पातळ आहे, ते मिलिलिटरमध्ये मोजायचं. मग बाटलीवरचं लेबल वाचा. '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असं लिहिलंय. म्हणजे,

१ मिलिलिटरमध्ये १२५ ÷ ५ = २५ मिलिग्रॅम.
१५० ÷ २५ = ६ मिलिलिटर.

आता दुसरी बाटली घ्या. तिच्यावर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' आहे. उत्तर येतं ३ मिलिलिटर. आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम औषध असतं. तिथं उत्तर फक्त १.५ मिलिलिटर!

औषध तेच, बाळ तेच, पण मापं तीन. "मागच्या वेळी ६ मिलिलिटर दिलं होतं" म्हणून थेंबांच्या बाटलीतलं ६ मिलिलिटर दिलं, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे चौपट! पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन, मिलिलिटर म्हणजे द्रवाचं माप. दोन्हींची गल्लत नको.
२. अर्धा लिहिताना .५ नको, ०.५ लिहा. टिंब दिसलं नाही तर त्याचे ५ होतात. तसंच ५.० नको, नुसते ५ लिहा; नाहीतर कुणी ५० वाचेल.
३. उत्तर आलं की उलटा ताळा करा: ६ × २५ = १५०. बरोबर!

घरी मात्र स्वतःच्या मनानं डोस ठरवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलाच द्यायचा, आणि तोही घरातल्या चमच्यानं नाही, बाटलीसोबतच्या मापानं. आई औषध पाजत असेल तेव्हा लेबल मोठ्यानं वाचून दाखवायचं काम मात्र तुमचं.

स्वाध्याय: ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचं आहे. सेटवर '२० थेंब = १ मिलिलिटर' असं लिहिलंय. तर मिनिटाला किती थेंब पडायला हवेत? (उत्तर: सुमारे ४२)