छोट्या हत्तीला उंदीर भारी पडतो तेव्हा: कुरतडलेली वायरिंग आणि धंद्याचं गणित

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलंय, "सर, गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्ली, मेकॅनिकने टेप मारून दिली, चालेल ना?" व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर लिहितो. कारण 'चालेल' असं समजून मी स्वतः फसलो आहे.

टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली आणि सुरुवातीला आपल्या पुण्यातच बनायची. दोन सिलेंडरचं, सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन. लोकांनी तिचं नाव ठेवलं छोटा हत्ती. माझ्या दुकानाचा माल अशाच एका जुन्या गाडीतून जातो. तिचं इंजिन सीटखाली असतं. संध्याकाळी गाडी उभी केली की तिथे ऊब राहते, वर आडोसा. मार्केट यार्डातून धान्य आणलेलं, चार दाणे गाडीत सांडलेले. उंदराला आणखी काय पाहिजे?

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. "नवीन वायरीत सोयाबीन असतं म्हणून खातात" असं ऐकायला मिळतं. पण जुन्या गाडीची साधी पीव्हीसी वायरही तो सोडत नाही.

माझी चूक काय झाली?

पहिल्यांदा वायर कुरतडली तेव्हा घाई होती. एकाने दोन टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली, गाडी चालू. मी खूश! पावसाळ्यात सासवडला माल पोचवून रात्री परत येताना दिवे घाटात डावा हेडलाइट मंद झाला, मग गेलाच. केबिनमध्ये जळका वास. गाडी कडेला घेऊन सीट उचलली, तर तोच जोड वितळलेला. आणि फ्यूज? अगदी शाबूत.

हे नीट समजून घ्या. फ्यूज बघतो तो फक्त करंट किती जातोय ते. वायर बॉडीला टेकून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो. पण ढिला, गंजलेला जोड करंट वाढवत नाही, उलट अडवतो आणि स्वतः तापतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो. जोडात ०.४ ओहमचा अडथळा आला, तर त्या एका बिंदूवर साधारण १० वॅट उष्णता तयार होते. टेपच्या आत, डिझेलच्या नळीपासून वीतभर अंतरावर! फ्यूजला याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून टेप ही दुरुस्ती नाही. दुरुस्ती जोडात असते.

दुरुस्ती कशी करून घ्यायची

तुम्ही स्वतः करा किंवा इलेक्ट्रिशियनकडून, क्रम हाच ठेवा.

१. कुरतडलेलं दिसलं की स्टार्टर मारून बघू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

२. काही हलवायच्या आत फोटो काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर उंदराचं नुकसान त्यात बसतं का, हे दुरुस्तीच्या आधी कंपनीला विचारा. काम झाल्यावर विचारून उपयोग नाही.

३. हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. घरटं कोरडं झाडू नका, जंतुनाशक पाणी मारून ओलं करा आणि मग उचला.

४. एक वायर तुटलेली दिसली म्हणून तिथेच थांबू नका. त्या भागातली टेप उघडून दोन्ही बाजूंना शाबूत वायर लागेपर्यंत बघा. पण सगळा हार्नेस उसवायचीही गरज नाही, नाहीतर डोंगर पोखरून उंदीर काढल्यासारखं होतं.

५. टोकं मागे कापत चकचकीत तांबं लागेपर्यंत जा. काळं किंवा हिरवं तांबं जोडू नका. मधला तुकडा त्याच जाडीचा किंवा एक नंबर जाड घ्या, बारीक कधीच नाही. रंगही शक्यतो तोच. नाना पेठेत मूळ वायरचा तुकडा नमुना म्हणून दाखवा.

६. हीट श्रिंक स्लीव्ह जोड द्यायच्या आधी वायरीत ओवा. सगळे विसरतात! मग नीट क्रिम्प करा किंवा सोल्डर. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीने शेजारून तुटू शकते, म्हणून तिला दोन्हीकडून आधार देऊन बांधा. सगळे जोड एकाच जागी नकोत, पुढेमागे ठेवा.

७. वर फ्लेक्सिबल पाइप चढवा. सायलेन्सर आणि फॅन बेल्टपासून दूर बांधा. फ्यूज मूळ अँपिअरचाच.

८. दिवे लावून मल्टीमीटरने जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज मोजा. चांगल्या जोडात तो जवळपास शून्य येतो. ०.२ च्या वर गेला तर जोड पुन्हा करा.

एक सूचना. तुमच्या गाडीत ईसीयू असेल तर सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, जाणकाराकडेच द्या. आणि कुरतडलेल्या वायरी फारच जास्त असतील, तर वीस जोड देण्यापेक्षा हार्नेसचा तेवढा भाग बदलणं बरं.

आता गणित

समजा, नीट दुरुस्तीला २,५०० रुपये लागले. गाडी दोन दिवस उभी, भाड्याच्या टेम्पोचे रोज १,८०० प्रमाणे ३,६००. एकूण ६,१००. बघा, दुरुस्तीपेक्षा गाडी थांबण्याचाच खर्च मोठा आहे! टेप मारून आपण दुरुस्तीचे पैसे वाचवतो, पण जोड पुन्हा गेला की थांबण्याचा खर्च दुसऱ्यांदा भरतो, तोही रात्री घाटात.

वर्षात असं एकदा होईल असं धरलं, तर महिन्याला ५०० रुपये वेगळे ठेवा. डिझेल आणि ड्रायव्हरच्या पगारासारखाच हा गाडीचा खर्च आहे. भाव ठरवताना तो धरला नाही, तर नफा फक्त वहीत दिसतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या मीही ठेवून पाहिल्या. वास उडाला की उंदीर परत. खरा फरक पडला तो तीन गोष्टींनी: रोज रात्री गाडीतले दाणे आणि रिकामी पोती काढणं, गोदामापासून लांब गाडी लावणं आणि पिंजरा. खाण्याचा माल असेल तिथे विष ठेवू नका.

आणि सकाळी किल्ली फिरवायच्या आधी सीट उचलून एक नजर टाका. लेंड्या दिसल्या, कागदाचा चुरा दिसला, की तिथेच थांबा. एक मिनिट लागतं. मी आजही रोज बघतो.

तुमच्या गाडीचा महिन्याचा खर्च काढलाय का कधी? आज रात्री वही घेऊन बसा. भेटू पुढच्या व्हिडिओत!