आपलें विश्व ही प्रतिसृष्टि तर नव्हे?

विश्वामित्रानें त्रिशंकूसाठीं प्रतिसृष्टि निर्माण केल्याची कथा आपण सर्वांनीं बालपणीं ऐकली आहे. अलीकडे कांहीं तत्त्वज्ञ व शास्त्रज्ञ तशाच तऱ्हेचा एक प्रश्न गंभीरपणें विचारूं लागले आहेत: ज्या विश्वांत आपण वावरतों, तें विश्वच कोणा अधिक प्रगत बुद्धीनें आपल्या संगणकांत उभारलेली प्रतिसृष्टि नसेल कशावरून? प्रश्न प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटतो. परंतु त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे.

संगणकांत सृष्टि कशी उभारतात, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. चंद्रपूर-गडचिरोलीकडील धानाची शेती ज्या पावसावर अवलंबून असते, त्याचें भाकित करण्याची एक नवी पद्धति पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें सिद्ध केली असून ती २०२५ च्या मे महिन्यांत अंमलांत आली. या कामीं पृथ्वीवरील वातावरणाचे लहान लहान कप्पे कल्पितात. प्रत्येक कप्प्यांतील उष्णतामान, आर्द्रता, वायुभार व वाऱ्याचा वेग अंकांनीं मांडतात. आणि कांहीं मिनिटांनंतर ते अंक काय होतील, हें पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं काढतात. हेंच गणित पुनःपुन्हा करीत यंत्र पुढील कित्येक दिवसांचें हवामान सांगतें. या जाळ्याचीं घरें सुमारें ६ किलोमीटर अंतराचीं आहेत. म्हणजे ताडोबाचें अख्खें तळें व त्याच्या कांठचें बांबूचें बन एकाच घरांत सहज मावून जाईल! सागाच्या पानावर पडणारा थेंब त्या सृष्टींत नाहीं.

आतां कल्पना करा कीं, हें जाळें इतकें सूक्ष्म झालें कीं त्यांत थेंबच काय, पण मनुष्याचा मेंदूहि उतरला. २००३ सालीं ऑक्सफर्ड येथील तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांनीं यावरून एक त्रिविध पक्ष मांडला. एक तर आपल्यासारखे समाज असें सामर्थ्य येण्यापूर्वींच बहुधा नष्ट होत असावेत. किंवा सामर्थ्य येऊनहि अशा प्रतिसृष्टि निर्माण करण्यांत त्यांना स्वारस्य नसावें. आणि हे दोन्ही पक्ष खोटे असतील, तर प्रतिसृष्टींची संख्या मूळ सृष्टीहून इतकी अधिक होईल कीं आपणहि त्यांपैकींच एकींत असण्याचा संभव फार मोठा. तिन्हींपैकीं कोणता पक्ष खरा, हें हा युक्तिवाद सांगत नाहीं. शिवाय यंत्रांतील अंकांपासून जाणीव उत्पन्न होऊं शकते, हें त्यांत गृहीतच धरलेलें आहे.

मग याची परीक्षा कशी करावी? २०१२ सालीं तीन पदार्थवैज्ञानिकांनीं असें दाखविलें कीं, विश्व जर चौकोनी जाळ्यावर उभें असेल, तर अत्यंत शक्तिमान् विश्वकिरणांच्या येण्यांत कांहीं दिशांविषयीं पक्षपात दिसावा. असा पक्षपात आजवर सिद्ध झालेला नाहीं. पण जाळें याहून सूक्ष्म आहे, असें म्हणावयास वादी मोकळाच राहतो! सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वृक्षांचे अश्मीभूत ओंडके आहेत. ते दाखवून जगाचें प्राचीनत्व सांगावें, तर तो म्हणेल, ‘ओंडकेहि तसेच मांडून ठेविले असतील.’ बर्ट्रंड रसेल यांनीं १९२१ सालींच दाखविलें होतें कीं, जग पांच मिनिटांपूर्वीं सर्व स्मृतींसह उत्पन्न झालें, हेंहि म्हणणें तर्कानें खोडतां येत नाहीं. मात्र जें कोणत्याच पुराव्यानें खोटें ठरूं शकत नाहीं, त्यानें आपल्या ज्ञानांतहि कांहीं भर पडत नाहीं.

आपल्याकडे जगाच्या सत्यतेचा विचार नवा नाहीं. जग हा भास आहे, असें मायावादी म्हणत आले. तर ज्ञानेश्वरांनीं ‘अमृतानुभवां’त अज्ञानाचें खंडन करून जग हा चैतन्याचाच विलास होय, असें प्रतिपादिलें. हा वाद यंत्राचा नव्हे. तरीपण दिसणारें सर्व खोटेंच म्हणावें काय, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे.

आणि खरें मोल याच प्रश्नाचें आहे. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला महापूर येऊन चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकांठच्या अनेक गांवांत पाणी शिरलें, उभीं पिकें बुडालीं. जग प्रतिसृष्टि असेल, तर त्या शेतकऱ्यांचें दुःख लटकें होतें काय? मुळींच नाहीं. पाणी म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग आहे, हें कळल्यानें कोणाची तहान खोटी ठरली नाहीं. त्याचप्रमाणें जग अणूंचें असो वा अंकांचें, ज्याला भूक लागते त्याची भूक खरीच, आणि त्याला दिलेला घांसहि खराच.

पुण्याच्या यंत्रांतील पाऊस कोणासहि भिजवीत नाहीं. परंतु त्यावरून वेळेवर मिळालेली सूचना खऱ्या मनुष्याचा जीव वांचवूं शकते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, ‘हें सर्व खोटेंच असेल, मग अभ्यास कशाला?’ असें कोणी विचारल्यास त्यास सांगा कीं, ज्या नियमांनीं हें विश्व चालतें, ते नियम जाणण्यावांचून तें खरें कीं प्रतिसृष्टि, हेंहि कधीं कळावयाचें नाहीं. आणि शेजाऱ्याच्या घरांत पाणी शिरलें असतां तें कळेपर्यंत थांबण्याचें कारणहि नाहीं.