थंडीचे पाणी आणि तलावातील बारीक मासळी

मार्गशीर्ष लागला की यवतमाळ जिल्ह्यातील तलावांच्या काठी एकच तक्रार ऐकू येते: "साहेब, मासळी गेली." पावसाळ्याच्या अखेरीस काठाजवळ थव्यांनी फिरणारी बारीक मासळी दिसेनाशी होते, गळाला मरळ लागत नाही आणि पहाटे टाकलेले जाळे शेवाळ घेऊन वर येते. मग कोणी चोरीचा संशय घेतो, कोणी पाण्यात औषध पडले असे म्हणतो.

प्रस्तुत लेखकही या समजुतीला एकदा बळी पडला आहे. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एका शेतकरी बंधूंनी आपले शेततळे दाखविले. भाद्रपदात सोडलेल्या बोटुकलीपैकी एकही मासा दिसत नव्हता. सारे मेले असावेत असे ठरवून मी त्यांना नवे बीज आणण्याचा सल्ला दिला. त्यांनी पदरचे पैसे खर्चून ते आणले. फाल्गुनात पाणी तापले आणि जुने व नवे असे दोन्ही मासे खाद्यावर तुटून पडले. तळ्यात दाटी झाली आणि उन्हाळ्यापर्यंत कोणताच मासा विक्रीजोगा वाढला नाही. थंडीत पाण्याखाली काय घडते हे तेव्हाच पाहिले असते तर त्यांचा खर्च वाचला असता.

माशाच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी जितके थंड, तितके त्याचे शरीर थंड. आपल्याकडील कटला, रोहू व मृगळ या जाती २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढतात. पाणी २० अंशांखाली गेले की त्यांची भूक मंदावते आणि १५ अंशांच्या सुमारास त्या जवळजवळ खाणे सोडतात. सन १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया तर थंडीला फारच नाजूक आहे. पाणी १० अंशांच्या जवळ गेले तर तो मरूही शकतो. याउलट सायप्रिनस थंडी चांगली सोसतो.

पौषातील रात्री येथील हवेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. परंतु मोठ्या तलावाचे पाणी हवेइतके लवकर गार होत नाही. रात्री वरचा थर निवतो, जड होऊन खाली जातो व खालचे उबदार पाणी वर येते. ही उलथापालथ चालू असेपर्यंत खोल भागातील पाणी उथळ भागापेक्षा सावकाश थंड होते. म्हणून बारीक मासळी काठ सोडून जुन्या नदीपात्राच्या किंवा सांडव्याजवळच्या डोहात एकवटते. दुपारी उन्हाने उथळ पाणी तापले की ती पुन्हा काठाशी येते आणि दिवस कलला की परत फिरते. मरळ व शिंगाडा यांसारखे शिकारी मासे तिच्याच मागोमाग हिंडतात. लहान मासा जिथे, तिथे मोठा मासा. हे भोई बांधवांना कोणी शिकवावयास नको.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील सरोवरांत शाड नावाची लहान मासळी असते. पाणी सुमारे ५ अंशांपर्यंत उतरले की ती मोठ्या संख्येने मरून वर तरंगते आणि शिकारी माशांना आयतेच खाद्य मिळते. आपल्याकडे पाणी इतके गोठत नाही. येथील बारीक मासळी बहुधा थंडीने मरत नाही. ती सुस्तावते व एका ठिकाणी गोळा होते. आणि खरा धोका नेमका या गोळा होण्यातच आहे.

याच दिवसांत हरभरा व गहू यांच्या पाळ्यांसाठी कालव्यातून पाणी सुटते आणि लहान तलावांची पातळी भराभर उतरते. उरलेल्या डोहात बारीक मासळी दाटलेली असते. अशा वेळी मच्छरदाणीचे कापड किंवा अगदी बारीक आसाचे ओढजाळे एकदा ओढले की टोपल्या भरून मासळी निघते. त्या टोपलीत केवळ गावठी बारीक मासळी नसते; सहकारी संस्थेने श्रावण-भाद्रपदात सोडलेली, अद्याप वीतभरही न झालेली कटला-रोहूची बोटुकलीही असते. ती त्या दिवशी मूठभर पैशांना जाते. चैत्र-वैशाखात तीच किलोच्या भावाने विकली गेली असती. शिवाय बारीक मासळीचे बहुतेक प्रकार पावसाळ्यात विणतात. पौषात डोह साफ केला तर पुढील आषाढात विणावयास कोण राहणार? गरीब घरात ही मासळी काट्यासकट खाल्ली जाते, सुकवूनही ठेवली जाते. मरळीचा चारा तीच आणि गळाचे आमिषही तीच. सबब मार्गशीर्ष व पौष या दोन महिन्यांत डोहात बारीक आसाचे जाळे टाकू नये, असा ठराव गावाने व संस्थेने मिळून करावा. परक्या माणसाने वरून सांगितलेले याबाबतीत फारसे टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना या दिवसांत गळ टाकावयाचा आहे त्यांनी पहाटेची थंडी सोसण्याचे कारण नाही. दुपारी बारा ते चार ही वेळ बरी. तलावाचा उत्तरेकडील काठ उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला असतो व त्यावर ऊनही चांगले पडते. तेथे प्रथम पाहावे. थंड शरीरात अन्न सावकाश पचते, म्हणून शिकारी मासा एकदा खाल्ल्यावर बराच काळ स्वस्थ राहतो. आमिष लहान असावे व पाण्यात सावकाश फिरवावे. जिवंत आमिष विहिरीच्या पाण्यात ठेवले असेल तर ते एकदम तलावात सोडू नये. हिवाळ्यात पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफ निघते हे सर्वांनी पाहिले आहे. इतके ते तलावापेक्षा उबदार असते. घागरीत थोडे थोडे तलावाचे पाणी मिसळून मासळी सरावू द्यावी.

विहिरीची हीच ऊब शेततळ्यालाही उपयोगी पडते. सन २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना सुरू झाल्यापासून जिल्ह्यात शेततळी दिसू लागली आहेत. ती लहान व उथळ असल्याने लवकर गारठतात. कडाक्याच्या थंडीत पहाटे तासभर विहिरीचे पाणी सोडावे. पाणी निदान दीड ते दोन मीटर खोल राहील असे पाहावे. कोंडा व पेंड सकाळी मुळीच टाकू नये. थंडीत न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि आभाळ आले की पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. दुपारी थोडे खाद्य टोपलीत घालून पाण्यात टांगावे आणि संध्याकाळी टोपली वर काढून पाहावी. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावे.

थंडीत आणखी एका गोष्टीवर नजर ठेवली पाहिजे. सन १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेला व्रणरोग पाणी थंड होऊ लागले की डोके वर काढतो. तो एका बुरशीमुळे होतो आणि बारीक मासळी व मरळ यांना प्रथम गाठतो. अंगावर तांबडे डाग, मग खोल जखमा, ही त्याची खूण. म्हणजे काठावरची बारीक मासळी येणाऱ्या संकटाची वर्दी देते. कार्तिकातच शेततळ्यात हेक्टरी सुमारे २०० किलो, म्हणजे गुंठ्याला २ किलो, या प्रमाणात चुना दोन-तीन हप्त्यांत द्यावा. डाग दिसल्यास भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तयार केलेले सिफॅक्स हे औषध मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या सल्ल्याने वापरावे. रोगट तलावात वापरलेले जाळे कडक उन्हात वाळविल्याशिवाय दुसऱ्या तलावात नेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ बाळगावा. सकाळी व दुपारी, काठाशी व डोहात, असे चार आकडे वहीत टिपून ठेवावेत. माघ सरता सरता सकाळचा आकडाही २० अंशांच्या वर राहू लागला की टोपलीतील खाद्य हळूहळू वाढवावे, आणि मासे गेले की आहेत हे तेव्हाच पाहावे.